त्या उन्हाळ्याचा ऑर्केस्ट्रा

सातासमुद्रापलीकडच्या या शॉमबर्गमध्ये उन्हाळा पेट्रोलच्या वासानं येतो. बर्फाचे काळे ढिगारे एकदाचे विरघळतात, झाडं घाईघाईनं हिरवी होतात आणि एका सकाळी आमच्या बिल्डिंगखाली गवत कापायची यंत्रं घरघरायला लागतात. शेजारच्या बायका खिडक्या उघडतात. कापलेल्या गवताचा वास त्यांना फार आवडतो. माझ्या हातातलं लाटणं मात्र थांबतं. मला त्यात गवत येतच नाही, जनरेटर येतो. ट्रॉलीवर चढवलेला, काळा धूर ओकणारा, यात्रेतल्या ऑर्केस्ट्राचा जनरेटर. तो घरघरत असतो तोवर सगळं ठीक असतं. मग तो एकदम बंद पडतो आणि पहिली खुर्ची येते.

इतकी वर्षं झाली, ती खुर्ची अजून हवेतच आहे.

यंदा त्या वासाबरोबर जुईचा हट्टही आला. जुई माझी मुलगी. सोळा संपून सतरावं लागलंय. तिच्या वर्गातल्या मुली नव्यानव्या गायिकांच्या मागं असतात, आमच्या बाईसाहेबांना आवडतो एक जुना रॉक गायक. जुना म्हणजे तिच्या आजोबांच्या वयाचा. तिच्या खोलीतल्या पोस्टरवर त्याचे केस कमरेपर्यंत आहेत, म्हणून तिचे बाबा त्याला जटाधारी म्हणतात, आणि आता घरात तेच नाव पडलंय. तर हा जटाधारी जूनमध्ये इथून तासाभरावरच्या उघड्या मैदानात गाणार होता. शेवटचा दौरा. रविवारी दुपारी.

"दुपारी?" तिचे बाबा म्हणाले. "संध्याकाळी गोळ्या घेऊन झोपत असेल बिचारा."

"बाबा, यू आर सो मीन."

"किती लोक येतात?" मी विचारलं.

"आई, कॉन्सर्ट आहे. लोक तर येणारच ना."

"किती?"

"खूप."

"मग नाही."

जुई भांडली नाही. तिला वाद घालायला शाळेत शिकवलंय, त्याचे मार्क मिळतात. तिनं पुरावा आणला. लायब्ररीतून एक जुनी डीव्हीडी घेऊन आली. जटाधारी तरुण असताना त्यानं एका माळावर केलेला प्रचंड कार्यक्रम, त्याचा सिनेमा. "हे बघ आधी," म्हणाली, "मग बोल. इट्स लाइक, द मोस्ट ब्यूटिफुल थिंग एव्हर."

रविवारची दुपार होती. मी पोळ्यांचे डबे करते, इथल्या पुण्या-नागपूरच्या नोकरदार घरांत जातात. सोमवारची कणीक मळून झाकून ठेवली, हात धुतले आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. पडदे ओढलेले. जुईनं उशी पोटाशी धरली होती.

सिनेमा आकाशातून सुरू होतो. हेलिकॉप्टरमधून घेतलेलं चित्र, रंग उडून पिवळट झालेलं. खाली टेकड्या, रस्ते, रस्त्यांवर अडकून पडलेल्या गाड्या. मग माणसं. सांडलेल्या साखरेला मुंग्या लागाव्यात तशी, जमीन दिसू नये इतकी. मग कॅमेरा खाली आला आणि कुंपण पडलं.

तारेचं कुंपण, लोखंडी खांबांचं. आधी नुसतं हललं. मग दुखरा दात जिभेनं पुढंमागं करावा तसं पुढंमागं व्हायला लागलं, आणि एका बाजूनं मुळासकट उखडून आडवं झालं. त्याच्यावरून लोक धावत सुटले. एकाचा पाय तारेत अडकला, तो तोंडावर आपटला, मागचे त्याच्या पाठीवरून गेले. कॅमेऱ्यानं हे क्षणभर बघितलं आणि मान वळवली. संगीत सुरू झालं.

"फ्री झाली मग कॉन्सर्ट," जुई म्हणाली. "पीपल जस्ट केम इन. किती कूल ना?"

मी त्या पडलेल्या माणसाला शोधत होते. त्याला परत दाखवलंच नाही.

पुढं सगळं तसंच. जुई मधे बघत होती आणि मी कडेला. मधे जटाधारी, उघड्या छातीचा, घामानं माखलेला, असा ओरडत होता की गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या. कडेला आखूड दांडकी घेतलेले रखवालदार. एकानं स्टेजवर चढू पाहणाऱ्या पोराच्या बोटांवर बूट ठेवला आणि टाच फिरवली. दुसऱ्याच्या शर्टावर रक्त होतं, स्वतःचं की दुसऱ्याचं ते कळत नव्हतं, आणि तो हसत होता. पाण्याचे पाइप गर्दीवर सोडले होते. लोक तोंडं वर करून पीत होते, पण काही तोंडं पाण्यासाठी उघडी नव्हती, हवेसाठी होती. मला ते तोंड माहीत आहे. पिवळ्या फ्रॉकमधली एक मुलगी मघाशी कुणाच्या तरी खांद्यावर बसून नाचत होती. थोड्या वेळानं तीच डोक्यांवरून हातोहात पुढं येताना दिसली. मान मागं पडलेली, एक चप्पल नाही. तिला कठड्यावरून पलीकडं ओढलं, पोतं ओढावं तसं. जटाधारी तिच्यापासून फार लांब नव्हता. तो गातच राहिला. गाणं संपल्यावर त्यानं गिटार दोन्ही हातांत कुऱ्हाडीसारखी धरली, तिचे तुकडे केले आणि गर्दीत भिरकावले. तुकड्यांसाठी माणसं एकमेकांवर तुटून पडली.

"थांबला नाही तो," मी म्हणाले.

"त्याला दिसलं नसेल गं. ऊन होतं डोळ्यांवर."

"वरून दिसतं. वरून सगळं दिसतं."

"तुला काय माहीत?"

"एकीला दिसलं होतं."

"कोणाला?"

मी उठले आणि गॅस पेटवला. जुईनं टीव्ही बंद केला आणि माझ्या मागून स्वयंपाकघरात आली. पोळ्या लाटायला अजून अवकाश होता, रिकामा तवा तापत राहिला, आणि तिला ते सगळं मी पहिल्यांदा सांगितलं.

आमच्या गावची यात्रा चैत्रात असते. त्या वर्षी माझी नववीची परीक्षा झाली होती. दहावीची जुनी पुस्तकं मिळवून त्यांना तपकिरी कागदाची कव्हरं घालून झाली होती. हवेत वाळलेल्या कडब्याचा, गुलालाचा, तळणीच्या तेलाचा वास. यात्रा कमिटीनं तमाशाऐवजी ऑर्केस्ट्रा आणायचं ठरवलं, बायकापोरींना बघता यावा म्हणून. शाळेच्या मैदानावर ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून वर फळ्या टाकल्या. स्टेज तयार. समोर गड्यांसाठी लोखंडी घडीच्या खुर्च्या. आणि डावीकडं बायकांची बाजू.

ही बायकांची बाजू नीट सांगायला हवी. आदल्या वर्षी शेजारच्या गावात टारगट पोरं बायकांत घुसली होती. आमच्या कार्यकर्त्यांनी ठरवलं, आपल्याकडं असं होता कामा नये. म्हणून त्यांनी आमच्या चारी बाजूंनी बांबू रोवले, त्यांना आडवे बांबू सुतळीनं करकचून आवळले आणि बाहेरून कुणाची नजर पडू नये म्हणून स्टेजकडची बाजू सोडून बाकी तिन्हीकडं वरून कनात ताणली, डोक्याच्या वर जाईल एवढी. आत यायला एकच फट ठेवली, स्टेजच्या पायाशी. येणारीजाणारी प्रत्येक बाई कमिटीच्या डोळ्यांखालून जावी म्हणून. तिथं छातीला बिल्ला लावलेला माणूस काठी घेऊन उभा. आम्हाला कौतुक वाटलं. "यंदा झ्याक सोय केलीया," माझी आई म्हणाली आणि पदर सावरून अगदी मागं, कनातीला टेकून बसली. मी आणि माझी मैत्रीण शाली तिच्यापुढं.

गाणारी बाई आली तेव्हा शिट्ट्यांनी कान फुटले. निळी चमचमती साडी, केसांत खोटी फुलं. "काय ती पावडर," आमच्यातली एक म्हातारी म्हणाली. "पोतंभर लावलीया." सगळ्या हसल्या. पण तिनं पहिला सूर लावला आणि म्हातारीसुद्धा गप्प झाली.

आमच्या गावात वरची आळी आणि खालची आळी. आम्ही खालच्या आळीतले. यात्रेत सगळं या दोन आळ्यांत चाले, पालखीला खांदा आधी कुणाचा, कुस्तीला नारळ कुणाच्या हातचा. त्या संध्याकाळी वरच्या आळीच्या पोरांनी आपलं आवडतं गाणं दोनदा म्हणून घेतलं. वन्समोअर, पुन्हा वन्समोअर. खालची आळी उठली, आमचं कधी? कुणी तरी ट्रॉलीवर चढून माइक हिसकला. दुसऱ्यानं त्याचा पाय ओढला. तेवढ्यात कुणाची तरी लाथ जनरेटरला बसली.

अंधारात हाणामारी दिसत नाही, ऐकू येते. लोखंडी खुर्ची पाठीवर बसली की एक आवाज होतो, डोक्यावर बसली की दुसरा. पहिली खुर्ची मात्र मी पाहिली, चांदण्यात, कनातीच्या वरून गोल फिरत येताना. ती आमच्यात पडली. पाठोपाठ ट्यूबलाइटचा खांब आडवा झाला, केसांत काच भुरभुरली. बायका किंचाळत उठल्या. फट होती स्टेजच्या पायाशी आणि मारामारीही तिथंच. बिल्लेवाला काठीसकट तिकडंच गेला होता. म्हणून सगळ्या मागं धावल्या, आमच्यावर.

कनातीसारखी क्रूर गोष्ट नाही. कापड असतं, वाटतं फाटेल. फाटत नाही. पोटात घेते आणि परत ढकलते. माझे पाय जमिनीवरून उचलले गेले. तोंडात कुणाचा तरी पदर, बरगड्यांवर कुणाचं तरी कोपर. शालीचा हात दोन बांबूंच्या मधे गेला होता. तो मोडला, ते मला ऐकू आलं, वाळकी तुरकाठी मोडते तसं. ती ओरडली नाही, ओरडायला छातीत हवाच नव्हती. माझी आई कुठं तरी खाली होती.

आणि ती गाणारी बाई. ती दुसऱ्या बाजूनं उतरून टेम्पोत बसू शकली असती, तिची माणसं तेच करत होती. पण ट्रॉलीवरून तिला आम्ही दिसलो. तिनं ड्रमचा लोखंडी स्टँड उचलला, कनातीच्या बाहेरच्या अंगानं धावत मागं आली आणि बांबूंवर घाव घालायला लागली. घाव घालता घालता ओरडत होती, "बसू नका! खाली बसू नका गं, उभ्या ऱ्हावा!" गाण्याचा आवाज नव्हताच तो, फाटलेला, घोगरा. सुतळीच्या गाठी तुटेनात तेव्हा तिनं दात लावले. एक बांबू निसटला, कनात खाली आली आणि आम्ही त्या बाईच्या अंगावरून बाहेर सांडलो. मी अर्धी अडकले होते. तिनं माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि ओढली. टाळू सोलून निघतेय असं वाटलं. जन्मात माझ्यावर कुणी केलेले सगळ्यात मोठे उपकार हे असे, वेणी ओढून केलेले आहेत.

माझी आई जिवंत निघाली, दोन बरगड्या मोडून. जीव कुणाचाच गेला नाही. गावानं मात्र दोष शोधून काढला. "नाचणारी आणली, म्हणून झालं." ऑर्केस्ट्राचा टेम्पो वेशीतून बाहेर पडत होता तेव्हा त्याच्यावर दगड पडले. मागच्या बाजूला ती बसली होती, ओठ फाटलेला, सुतळीनं कापलेला, निळी साडी खांद्यावरून सुटलेली. दगड मारणाऱ्यांत दोन्ही आळ्यांची पोरं होती. त्या उन्हाळ्यात त्यांनी मिळून केलेलं तेवढं एकच काम.

तिचं नाव मला माहीत नाही. माइकवर तिला सुरांची राणी म्हणत होते.

जुईनं तवा उतरवला. तो लाल व्हायला आला होता. "मग?" म्हणाली.

मग उन्हाळा. त्या उन्हाळ्याला मी अजून उन्हाळा म्हणत नाही, मनात त्याला दुसरंच काही तरी म्हणते. वरच्या आळीतली कडब्याची गंजी पेटली, दोन दिवसांनी आमच्या आळीतली. विहिरीवरच्या मोटारींच्या वायरी तोडल्या. एसटीच्या काचा फुटल्या. आमच्या गाभण म्हशीच्या अंगावर कुणी तरी उकळतं पाणी ओतलं, तिचा तो आवाज मला इथं टॉर्नेडोच्या, वादळाचा इशारा देणाऱ्या भोंग्यात ऐकू येतो. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी भोंगा तपासायला वाजवतात, सगळ्यांना ठाऊक असतं, आणि मी दर वेळी ओट्याची कड धरते. माझे वडील, अण्णा, साधा माणूस. भजनात टाळ वाजवणारा. ते उशाला लोखंडी पाइप घेऊन झोपायला लागले. एका दुपारी ते बांधावरून घरी आले तेव्हा त्यांचा डावा कान कोयत्यानं अर्धा उतरला होता. पाइपलाही रक्त होतं. ते कुणाचं, हे आम्ही विचारलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. हायस्कूल तालुक्याला, आणि एसटीचा थांबा वरच्या आळीच्या टोकाला.

"जायाचं न्हाई," अण्णा म्हणाले.

"अण्णा, धाव्वी हाय."

"म्हाईत हाय."

"मग?"

"मग काय? तू त्या रस्त्यानं जाणार आन् मी हितं बसून काय ऐकायची वाट बघू?"

मी पुन्हा बोलले. त्यांनी मारलं. आधी हातानं, मग जे हातात आलं त्यानं. मारताना ते माझ्याकडं बघत नव्हते, रस्त्याकडं बघत होते.

आमच्या आळीतल्या सगळ्या मोठ्या पोरी त्या वर्षी घरी बसल्या. वरच्या आळीतल्याही. पोरं मात्र टोळीनं सायकलींवरून जात राहिली, सायकलच्या चेनी कमरेला गुंडाळून. ती दहावी झाली, काही तर कॉलेजातही गेली. भांडली पोरं आणि शाळा सुटली पोरींची. कव्हर घातलेली पुस्तकं आईनं एका पोराच्या घरी देऊन टाकली. खुर्च्या फेकणाऱ्यांत तो पहिला होता.

जुई नखानं ओट्यावरचं वाळलेलं पीठ खरवडत होती. मग म्हणाली, "आई, एक विचारू? डोन्ट गेट मॅड."

"विचार."

"तुम्हाला त्या फेन्सनंच मारलं ना? आय मीन, ती फेन्स नसती तर तुम्ही पळाला असता. मग तुझ्या बाबांनी परत फेन्सच का घातली?"

मला राग आला. पोरीनं माझ्या बापावर बोलावं याचा, आणि इतकी वर्षं मला जे बोलता आलं नव्हतं ते तिनं ओट्याशी उभं राहून, अर्ध्या इंग्रजीत बोलून टाकावं याचाही. "तुला काय कळतंय गं?" मी ओरडले. "तू कधी बघितलंयस माणूस माणसाला कसं मारतो ते? इथं बातम्यांत रोज कुणी तरी बंदूक घेऊन—"

"आई, मी केजीपासून ड्रिल करतेय."

आवाज न चढवता म्हणाली. "लाइट्स ऑफ. दरवाजा लॉक. कोपऱ्यात बसायचं, आवाज नाही करायचा. फर्स्ट ग्रेडमध्ये मला टीचरनं कबर्डमध्ये बसवलं होतं, कारण मी लहान होते, मी फिट व्हायचे. मला माहितीये कसं लपायचं. मी एक्स्पर्ट आहे लपण्यात. मला एकदा असं खूप लोकांमध्ये उभं राहून गायचंय. दॅट्स ऑल."

मला हे माहीतच नव्हतं. शाळेत बंदूकवाला शिरला तर काय करायचं याची ड्रिल असतात हे ठाऊक होतं, शाळेतून निरोप यायचा, मी भाषांतर करून वाचायचे आणि पुढं जायचे. कपाटाचं माहीत नव्हतं. माझी सहा वर्षांची पोर कपाटात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, आणि त्या वेळी मी इथं पोळ्या लाटत देवाचे आभार मानत होते, की काय देश, काय शाळा, काय पिवळी बस दारात येते.

आभार मी अजूनही मानते. आम्ही इथं आलो ते थोरल्या दिरांनी धाकट्या भावासाठी अर्ज केला म्हणून. नाही तर नववी पास बाईला कोण विचारतंय? थोरल्या जाऊबाई पुण्याच्या, इंजिनिअर. माझं बँकेतलं, दवाखान्यातलं, शाळेतलं सगळं पहिलं बोलणं त्यांनी केलं. त्या आठवड्यात मी त्यांनाच फोन केला.

"अगं, काळजीचं मशीन आहेस तू," त्या म्हणाल्या. "नको पाठवूस, म्हणजे ती तुझ्याशी बोलायची नाही. पाठव, म्हणजे तू वेडी होशील. त्यापेक्षा तूच वेडी हो, तुला सवय आहे."

हसले मी. पण पुढचे दिवस वाईट गेले. घरात कुणी कुणाला मारत नव्हतं, तरी सगळीकडं मार होता. लाटण्याखाली कणीक आपटायचे. एका दुपारी गारा आल्या, लिंबाएवढ्या, गाड्यांच्या टपांवर अशा तडतडल्या की मी जुईला ओढून बाथरूममध्ये घेऊन गेले. ती निमूट आली, कोपऱ्यात बसली, गुडघे पोटाशी. सवयीनं बसली. तिची ती सराईत बसायची पद्धत मी बघत राहिले.

अण्णांचा हात मला त्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा समजला. कान उतरलेला माणूस होता तो. रस्त्यावर काय आहे ते त्यांना माहीत होतं आणि ते खरंच होतं, भीती खोटी नव्हती. माझीही नाही. पण खऱ्या भीतीनं मारलं तरी वळ उठायचा तो उठतोच. मी वळासकट इथवर आले. तो पुढं द्यायचा की नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

एका सकाळी डब्यांची झाकणं लावताना तोंडातून निघालं, "जा."

"काय?"

"जा म्हटलं. पण सँडल नाही, लेसचे बूट. आणि केस मोकळे नाही सोडायचे. वेणी घाल."

"व्हाय वेणी?"

"धरायला काही तरी हवं."

ती हसली नाही. मान हलवली, आणि त्या रविवारी खरंच घट्ट वेणी घालून घ्यायला माझ्यापुढं येऊन बसली.

मैदान म्हणजे मोठी उतरती हिरवळ, खाली छप्पर घातलेलं स्टेज, भोवती उंच जाळीचं कुंपण. आम्ही दोघं तिला आणि तिच्या मैत्रिणीला सोडायला गेलो होतो. माणसांचा लोंढा आत चालला होता, पांढऱ्या केसांची माणसं, नातवंडं, ढेऱ्यांवर ताणलेले काळे टीशर्ट. जुई फाटकातून आत गेली, पाठमोरी वेणी एकदा दिसली, मग नाही. तिचे बाबा गाडीत जाऊन बसले. मी कुंपणाच्या बाहेरून चालायला लागले.

सगळी फाटकं बघितली मी. उन्हात, एकेक. आतून जाऊन धडकलं तर उघडेल का, कुठं साखळी आहे का, कुठं कुणी सोय म्हणून काही आवळून ठेवलंय का. मागच्या बाजूला, पोर्टेबल संडासांच्या पलीकडं, एका फाटकाशी धिप्पाड काळी रखवालदारीण उभी होती. तिनं मला येताना बघितलं, जाताना बघितलं, परत येताना बघितलं.

"मॅम? कॅन आय हेल्प यू?"

माझं इंग्रजी घाबरलं की आटतं. मी फाटकाकडं बोट केलं. "दिस... ओपन? पीपल पुश, ओपन?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. वाटलं, आता पोलिसांना बोलावते. "यू गॉट अ किड इन देअर?"

मी मान हलवली.

फाटकाच्या आतल्या अंगाला कमरेच्या उंचीवर एक आडवी दांडी होती. त्या बाईनं वळून नुसतं ढुंगण टेकवलं त्या दांडीवर. फाटक खाडकन बाहेर उघडलं, सबंध, पार कुंपणाला जाऊन आदळलं. मी मागं सरकले. ती हसली, फाटक ओढून लावलं, आणि पुन्हा एकदा तसंच उघडून दाखवलं.

"एव्हरी वन ऑफ देम," म्हणाली. "ऑल डे लाँग, हनी."

मी तिचे दोन्ही हात धरले. ती गोंधळली असेल. थँक्यू, थँक्यू, एवढंच येत होतं मला.

गाडीत येऊन बसले तेवढ्यात गर्दी गरजली. जटाधारी आला असणार. तो आवाज कुंपणावरून आला आणि माझ्या छातीवर आपटला. ढोल आमच्या गाडीच्या काचेत वाजत होता. तिच्या बाबांनी सीट मागं पाडून डोळे मिटले होते, पण त्यांची बोटं मांडीवर ताल धरत होती. मी दार दोनदा उघडलं आणि दोनदा लावलं. एकदा किंकाळ्यांसारखं काही तरी आलं. मग त्याचंच गाणं झालं, हजारो गळ्यांचं, बेसूर. मी दात आवळून बसून राहिले. संपेपर्यंत बसले.

लोक बाहेर पडायला लागले तेव्हा ऊन कलतं होतं. मैत्रीण आधी दिसली. तिच्यामागं जुई. वेणी सुटलेली, बुटांना चिखल, आणि तोंडाला लावलेला रुमाल लाल.

मी कशी धावले मला आठवत नाही. तिचा वरचा ओठ फाटला होता, सुजून वर आला होता, टीशर्टवर रक्ताचे थेंब. तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. तोवर हसत होती ती. मला बघून हसणं पुसलं गेलं, आणि तिथं भीती आली, त्या गर्दीची नव्हे, माझी.

"कोपर लागलं," घाईनं म्हणाली. "चुकून. सगळे उड्या मारत होते, एका काकांचं लागलं, ही सेड सॉरी लाइक अ हंड्रेड टाइम्स. आई, प्लीज. आता परत कधीच नाही का?"

सगळे शब्द माझ्या तोंडात तयार होते, अण्णांच्या आवाजात.

"तोंड उघड," मी म्हणाले.

तिनं उघडलं. बोटानं ओठ वर करून मी एकेक दात हलवून बघितला. घट्ट होते. माझं बोट रक्तानं भरलं, ते साडीला पुसलं.

"कुठलं गाणं चाललं होतं," मी विचारलं, "लागलं तेव्हा?"

तिनं माझ्याकडं नीट बघितलं, मी फसवतेय का ते. मग तशाच सुजल्या ओठानं, पार्किंगच्या गर्दीत, हॉर्नच्या गोंगाटात, ती मला ते गाऊन दाखवायला लागली.